प्रकाशाची वाटणी : लंडनचे जॉर्जियन टाउनहाऊस आणि आधुनिक काचबंदी

प्रस्तावना

लंडनमध्ये जॉर्जियन काळातील, म्हणजे १७१४ ते १८३० या कालखंडातील, टाउनहाऊस नूतनीकरणासाठी हाती घेतले जाते तेव्हा त्याविषयीची एक नेहमीची तक्रार पुढे येते : घर काळोखे आहे. त्यावरचा आजचा उपायही ठरलेला आहे. मागील बाजूस काचेचा वाढीव भाग बांधला जातो, जिन्यावरील छपरात काचेचा झरोका बसविला जातो, खिडक्यांची जुनी तावदाने काढून दुहेरी काच लावली जाते. या उपायांचे काही जण प्रगती म्हणून स्वागत करतात, तर काहींना प्रत्येक नवे तावदान वास्तूचे विद्रूपीकरण वाटते. मात्र काळोख हा जुन्या घराचा जणू उपजत गुण आहे, हे दोन्ही पक्ष गृहीत धरतात. प्रस्तुत लेखात हे गृहीतक तपासले आहे. या घरांतील उजेड आणि अंधार यांची वाटणी कायदा, कर, काचनिर्मितीचे तंत्र आणि सामाजिक उतरंड यांनी केली होती. म्हणून नवी काच कोठे शोभेल आणि कोठे घातक ठरेल, याचे उत्तर या वाटणीच्या इतिहासात शोधावे लागते.

गृहरचना आणि सामाजिक उतरंड

१६६६ च्या भीषण आगीनंतर १६६७ च्या पुनर्बांधणी कायद्याने लंडन शहरात विटांचे किंवा दगडाचे बांधकाम सक्तीचे केले. पुढील शतकात एकमेकांना चिकटून उभ्या राहिलेल्या अरुंद दर्शनी घरांच्या रांगा हे या महानगराचे वैशिष्ट्य बनले. शेजारच्या घराशी सामाईक असलेल्या भिंतींत खिडकी ठेवता येत नसे. त्यामुळे उजेड केवळ पुढून आणि मागून येई. प्रत्येक मजल्यावर पुढे एक व मागे एक खोली आणि बाजूला जिना, अशी सर्वसाधारण मांडणी असल्याने घराचा मध्यभाग अंधारा राही.

या मर्यादित उजेडाचे वाटपही समान नव्हते. पहिल्या मजल्यावरील दिवाणखान्याला सर्वांत उंच खिडक्या मिळत. खिडकीची वरची कड जितकी उंच तितका उजेड खोलीत अधिक आतपर्यंत पोहोचतो. त्यामुळे ही उंची प्रतिष्ठेची तशीच सोयीचीही होती. स्वयंपाकघर आणि भांडी घासण्याची जागा तळघरात असे. नोकर झोपत ते पोटमाळ्यावर, लहान खिडक्यांच्या खोल्यांत. दर्शनी भिंतीवरील खिडक्यांच्या कमी-अधिक उंचीवरून घरातील माणसांची प्रतवारी रस्त्यावरूनच वाचता येई.

कर आणि कायदा

इंग्लंडमध्ये १६९६ साली खिडकी-कर लागू झाला. घरातील माणसांचे उत्पन्न मोजण्यासाठी आत शिरण्यापेक्षा बाहेरून खिडक्या मोजणे सोपे, हा त्यामागील व्यवहार होता. १७७६ मध्ये अ‍ॅडम स्मिथ यांनी या कराच्या विषमतेवर बोट ठेवले. खेड्यातील अल्प भाड्याच्या घराला लंडनमधील महागड्या घराहून अधिक खिडक्या असू शकतात, असा त्यांचा आक्षेप होता. अनेक बिऱ्हाडांची चाळवजा इमारत करासाठी एकच घर मानली जाई. कर मालकाला भरावा लागे आणि तो वाचविण्यासाठी मालक खिडक्या बुजवीत. काळोख व कोंडलेली हवा मात्र भाडेकरूंच्या वाट्याला येई. आरोग्यसुधारकांच्या दीर्घ विरोधानंतर १८५१ मध्ये हा कर रद्द झाला.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. विटांनी बुजविलेली प्रत्येक खिडकी कराची साक्ष देते, असे सर्रास सांगितले जाते. परंतु दर्शनी भागाची समतोल रचना साधण्यासाठी अनेक ठिकाणी मुळातच आंधळी खिडकी बांधलेली असे. नूतनीकरणात अशी खिडकी ‘पुन्हा उघडणे’ म्हणजे कधीही नसलेली गोष्ट इतिहासाच्या नावाने निर्माण करणे होय.

काचेचे तंत्र

काचेवरही १७४५ च्या कायद्याने वजनानुसार उत्पादन शुल्क बसले, ते १८४५ पर्यंत टिकले. त्यामुळे पातळ आणि हलकी ‘क्राउन’ काच सोयीची ठरली. वितळलेल्या काचेचा फुगा फुंकून, तो वेगाने फिरवून तिची मोठी तबकडी करीत आणि तीतून लहान तावदाने कापून घेत. जॉर्जियन खिडकीतील छोट्या चौकटींचा आकार मुख्यतः या तबकडीने ठरविला. जुनी काच शतकानुशतके खाली ओघळते म्हणून तळाशी जाड असते, ही समजूत निराधार आहे. जाडीतील फरक निर्मितीच्या पद्धतीतून येतो.

१८३२ मध्ये चान्स ब्रदर्स या कारखान्याने दंडगोल पद्धतीची सुधारित काच इंग्लंडमध्ये आणली. १८५१ च्या क्रिस्टल पॅलेसची सुमारे ३ लाख तावदाने याच कारखान्यात तयार झाली. तावदाने मोठी व जड होत गेली आणि खिडकीतील लाकडी पट्ट्यांची संख्या घटली. अनेक जॉर्जियन घरमालकांनी व्हिक्टोरियन काळातच छोट्या चौकटी काढून मोठ्या काचा बसविल्या. म्हणजे अधिक उजेडासाठी नव्या तंत्राची काच वापरणे ही केवळ आजची हौस नाही.

वरून येणारा उजेड : सर जॉन सोन यांचे घर

हा प्रश्न सर्वांत कल्पकतेने सोडविला तो वास्तुविशारद सर जॉन सोन यांनी, लिंकन्स इन फील्ड्स येथील आपल्या घरांत. १७९२ पासून त्यांनी तेथील १२, १३ व १४ क्रमांकांची घरे क्रमाक्रमाने नव्याने बांधली. दर्शनी खिडक्यांवर विसंबून न राहता त्यांनी घराच्या खोल व मागील भागात छपरातून उजेड उतरविला. न्याहारीच्या खोलीत घुमटाकार छताच्या माथ्यावर काचेचा कंदील असून कडेच्या जागेत वरून लपलेला प्रकाश येतो. बहिर्गोल आरसे तो पसरवितात. काही झरोक्यांतील पिवळसर काच लंडनच्या राखाडी आकाशाला उबदार रंग देते. १८३३ च्या विशेष कायद्यामुळे हे घर संग्रहालय म्हणून जतन झाले.

सोन यांच्या युक्तीला भौतिक आधारही आहे. पूर्ण ढगाळ आकाशाच्या प्रमाणित प्रारूपानुसार माथ्यावरील आकाश क्षितिजाजवळील आकाशाच्या तिप्पट तेजस्वी असते. लंडनसारख्या शहरात छपरातील लहान झरोका भिंतीतील मोठ्या खिडकीशी स्पर्धा करू शकतो, तो यामुळे.

आधुनिक काच : शक्यता आणि हानी

१९५९ मध्ये पिल्किंग्टन कंपनीने वितळलेल्या कथलावर काच तरंगविण्याची ‘फ्लोट’ पद्धत जाहीर केली आणि मोठी, निर्दोष सपाट काच स्वस्त झाली. पुढे दुहेरी काच व उष्णता परावर्तित करणारे अदृश्य धातुलेप आले. त्यामुळे काचेतून होणारा उष्णतेचा व्यय एकेरी काचेच्या तुलनेत बराच घटला. सोन यांना परवडला नसता इतका मोठा झरोका आज थंडीची भीती न बाळगता बसविता येतो.

हेच तंत्र दर्शनी खिडकीत मात्र अडचणीचे ठरते. अठराव्या शतकाच्या अखेरीस खिडकीतील लाकडी पट्ट्या अत्यंत सडपातळ झाल्या होत्या. नेहमीच्या जाड दुहेरी काचेचा भार त्या पेलू शकत नाहीत. मग पट्ट्या रुंद केल्या जातात किंवा एकसंध काचेवर नकली पट्ट्या चिकटविल्या जातात. क्राउन काचेतील सूक्ष्म लहरींमुळे रस्त्यावरील प्रतिबिंब किंचित थरथरते. सपाट काचेत ते हरवते. एकदा फेकलेली ती काच पुन्हा मिळत नाही. नोंदणीकृत ऐतिहासिक वास्तूंत अशा बदलांसाठी परवानगी लागते, ती याच कारणाने. जुनी खिडकी तशीच ठेवून आतून दुसरी स्वतंत्र काच बसविणे, हा उष्णता राखणारा आणि पुढे सहज मागे घेता येणारा मार्ग आहे. दोन काचांमधील हवा काढून घेतलेली निर्वात काच बरीच पातळ असल्याने काही ठिकाणी तीही विचारात घेता येते. मात्र तीसाठीही मूळ तावदान काढावेच लागते.

समारोप

वरील विवेचनातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, घराचा मागील भाग, जिन्याचा माथा आणि तळघर या जागांत नवी काच घालणे परंपरेशी विसंगत नाही. वरून उजेड घेण्याचा प्रयोग त्या काळातच झाला होता. दुसरी, दर्शनी खिडकी हा कर, कायदा, तंत्र आणि प्रतिष्ठा यांचा एकत्रित दस्तऐवज आहे. तेथील काच बदलणे म्हणजे दस्तऐवजात खाडाखोड करणे.

आज तळघरातील स्वयंपाकघर काचेच्या छताखाली येऊन घराचे केंद्र बनते, तेव्हा जेथे नोकरांनी अंधुक उजेडात आयुष्य घालविले तीच जागा घरातील सर्वांत प्रकाशमान होते. ही उलटापालट स्वागतार्ह आहे. परंतु पूर्वीच्या विषम वाटणीचा पुरावा दर्शनी भिंतीवर शाबूत राहिला, तरच या बदलाचा अर्थ पुढील पिढीला कळेल.