द टेस्टमेंट्स : वाचकांचा प्रतिसाद

मार्गारेट ॲटवुड या कॅनडियन लेखिकेची ‘द टेस्टमेंट्स’ ही कादंबरी सप्टेंबर २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. ‘द हँडमेड्स टेल’ (१९८५) या गाजलेल्या डिस्टोपियन कादंबरीचा हा पुढचा भाग. दोन्हींमध्ये ३४ वर्षांचे अंतर आहे. मूळ कादंबरीत गिलियड या धर्मसत्ताक राज्यात मुले जन्माला घालण्यासाठी राबवलेली दासी ऑफ्रेड शेवटी एका गाडीत चढते. ती सुटका की अटक, हे लेखिकेने सांगितले नव्हते. त्या प्रश्नाने वाचकांच्या पिढ्या अस्वस्थ राहिल्या. गिलियड कोसळले कसे, असे वाचक वर्षानुवर्षे विचारत राहिले आणि त्या प्रश्नांतूनच हे पुस्तक लिहिले गेले, असे ॲटवुड यांनीच नमूद केले आहे. म्हणजे वाचकांचा प्रतिसाद इथे पुस्तकाच्याही आधी सुरू झाला होता.

त्यात २०१७ मध्ये ‘द हँडमेड्स टेल’वर आधारित दूरचित्रवाणी मालिका आली. दासींचा लाल झगा आणि पांढरी टोपी घालून स्त्रिया अमेरिकेत व इतर देशांत गर्भपाताच्या हक्कासाठी रस्त्यावर उतरल्या. पुस्तक हाती आले तेव्हा अपेक्षा अफाट होत्या.

‘द टेस्टमेंट्स’ची कथा मूळ कादंबरीतील घटनांच्या पंधरा वर्षांनंतरची आहे. गिलियडमध्ये वाढलेली ॲग्नेस, कॅनडात वाढलेली डेझी आणि सत्तेच्या गाभ्यात बसलेली आंट लिडिया अशा तिघी ती सांगतात. वाचकांना सर्वाधिक भिडली ती लिडिया. पूर्वी न्यायाधीश असलेली ही बाई छळाला शरण जाते, अत्याचाराचे यंत्र स्वतः चालवते आणि गुपचूप त्याच्याच विनाशाचे कागद जमवते. तिला क्षमा करावी की नाही, यावर वाचकांचे एकमत होत नाही. कादंबरीचे खरे बळही तिथेच आहे. दोन्ही मुलींची निवेदने त्या मानाने फिकी वाटतात.

नापसंतीचा मुख्य मुद्दा संदिग्धता हरवल्याचा. ऑफ्रेडच्या कोंडलेल्या, तुटक निवेदनातली भीती इथे हेरकथेच्या वेगात विरते, योगायोग फार जुळून येतात आणि शेवट सुखाचा होतो, असे मूळ कादंबरीच्या चाहत्यांना वाटले. हा आक्षेप रास्त आहे. मात्र जुलमी राजवट पडू शकते हे वाचायला मिळाल्याने दिलासा वाटलेले वाचकही पुष्कळ होते.

ऑक्टोबर २०१९ मध्ये बुकर पुरस्कार या कादंबरीला बर्नार्डिन एव्हारिस्टो यांच्या ‘गर्ल, वुमन, अदर’बरोबर विभागून देण्यात आला. पुरस्कार विभागू नये हा नियम परीक्षकांनी त्यासाठी मोडला. हा मान पुस्तकाचा की लेखिकेच्या एकूण कारकिर्दीचा, अशी चर्चा तेव्हा झाली. त्या वेळी ७९ वर्षांच्या असलेल्या ॲटवुड या पुरस्काराच्या तोवरच्या सर्वांत वयस्क मानकरी ठरल्या.