चार आठवड्यांची स्मृती

२८ एप्रिल २०२२ रोजी ‘सर्ट-इन’ या केंद्रीय सायबर सुरक्षा संस्थेने आदेश काढला: सेवादाते, कंपन्या व सरकारी संस्था यांनी आपल्या संगणक यंत्रणांचे लॉग, म्हणजेच नोंदी, १८० दिवस जपून ठेवाव्यात. या आकड्याचे वजन कळण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

१९८०च्या दशकात एरिक ऑलमन यांनी सेंडमेल या ईमेल प्रणालीसाठी ‘सिसलॉग’ रचले आणि युनिक्सवरील विखुरलेल्या नोंदींना एक वाट मिळाली. पण नोंदी वाढतच जातात. डिस्क भरली की सर्व्हरच अडतो. म्हणून फाइलींची पाळी लावण्याची युक्ती आली. लिनक्सवर ते काम ‘लॉगरोटेट’ करते: ठरल्या वेळी फाइलीचे नाव बदलते, जागी कोरी फाइल मांडते, जुन्या दाबून लहान करते आणि सर्वांत जुनी पुसून टाकते. यात एक खोच आहे. नाव बदलले तरी चालू प्रोग्राम जुन्याच फाइलीत लिहीत राहतो, कारण त्याने धरलेली असते ती फाइल, तिचे नाव नव्हे. संकेत पाठवून त्याला नवी फाइल उघडायला लावावे लागते.

लॉगरोटेटची परिचित मूळ मांडणी आठवड्याला एक फेरी आणि जुन्या चार फाइली अशी. जेमतेम महिन्याभराची स्मृती! घुसखोरी मात्र कित्येकदा काही महिन्यांनी उघडकीस येते. तोवर पुरावा यंत्रानेच नियमानुसार पुसलेला असतो. १८० दिवसांसाठी त्या ४ च्या जागी २६ लिहावे लागतात. बदल एका आकड्याचा, डिस्कचा खर्च वेगळा. शिवाय घड्याळे एनआयसी किंवा दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवण्याचे बंधनही याच आदेशात आहे. वेळा जुळल्या नाहीत, तर दोन सर्व्हरांच्या नोंदींचा क्रम लावणे कठीण होते.