सुरांचे कारकून

बँकेत लागलेल्या माणसाला पहिल्याच आठवड्यात एक सत्य शिकवलं जातं : ज्याची नोंद नाही, ते घडलंच नाही. खातेदार काउंटरपाशी उभा राहून आईची शपथ घेऊन सांगतो, की मी पाचशे रुपये भरलेत. आपण खातं बघतो. नोंद नाही. झालं! त्याचे पाचशे रुपये, त्याची शपथ आणि त्याची आई, तिघंही एका क्षणात संशयाच्या भोवऱ्यात सापडतात. असल्या वातावरणात वीस-बावीस वर्षं काढली, की माणसाची इतिहासाकडे बघायची नजरसुद्धा कारकुनी होते. ताजमहाल बघून लोकांना मुमताज आठवते. मला वाटतं, एवढ्या संगमरवराची बिलं कुणी तपासली असतील?

जॅझ संगीताचा इतिहास वाचताना मात्र या नजरेचा मला भलताच उपयोग झाला. जॅझ म्हणजे मोठ्या हॉटेलात सूप थंड होईपर्यंत मागे जे वाजतं ते, अशी आपल्यातल्या पुष्कळांची समजूत असते. प्रत्यक्षात ते आपल्या ख्यालगायकीचं लांबचं नातेवाईक म्हणता येईल. बंदिशीसारखी एक चाल ठरलेली असते. पुढचं सगळं वाजवणारा उभ्या उभ्या, त्या क्षणी रचतो. काल वाजलं ते आज वाजणार नाही. म्हणजे बँकेच्या भाषेत, रोजचा सगळा व्यवहार रोखीचा आणि पावती कुणालाच नाही!

या व्यवहारातला पहिला मोठा बुडीत खातेदार म्हणजे बडी बोल्डन. न्यू ऑर्लीन्समधला हा कॉर्नेटवादक १९०० सालच्या आसपास गावाचा राजा मानला जायचा. त्याचा आवाज मैलोगणती ऐकू जायचा, असं म्हातारे सांगत. १९०७ साली त्याला वेड्यांच्या इस्पितळात नेलं आणि १९३१ साली तो तिथेच वारला. त्यानं वाजवलेला एक सूरसुद्धा आज कुणाकडे नाही. त्याची मेणाची एक नळकांडी कुठेतरी होती अशी वदंता आहे, पण ती अजून कुणाला सापडलेली नाही.

त्याच्यामागून आलेल्या फ्रेडी केपर्डची गोष्ट तर अस्सल कोकणी संशयाची वाटते. आपली बोटं कशी फिरतात हे कुणी चोरू नये म्हणून हा गृहस्थ बोटांवर रुमाल टाकून वाजवायचा म्हणे! ध्वनिमुद्रणाची संधी आली तेव्हा त्यानं ती याच भीतीनं नाकारली, अशीही कथा सांगतात. परिणाम काय झाला? जॅझची पहिली म्हणून मानली जाणारी तबकडी २६ फेब्रुवारी १९१७ या दिवशी न्यूयॉर्कमध्ये मुद्रित झाली, ती गोऱ्या वादकांच्या ‘ओरिजिनल डिक्सिलँड जॅझ बँड’ची. कला काळ्यांची, खातं गोऱ्यांच्या नावावर. रुमाल मात्र शाबूत राहिला.

या तबकड्यांशी आपलाही संबंध आहे, आणि तो चक्क झाडापाण्याचा आहे. जुनी ७८ फेऱ्यांची तबकडी बनायची शेलॅकपासून, म्हणजे लाखेपासून; आणि लाख जायची मुख्यतः आपल्या छोटा नागपूरकडच्या जंगलांतून. पळस-कुसुमाच्या झाडावरच्या त्या किड्याला पत्ता नव्हता, पण लुई आर्मस्ट्राँगचा ट्रंपेट जगभर पोचवण्यात त्याचा खारीचा वाटा आहे. अडचण एकच होती. दहा इंची तबकडीत जेमतेम तीन मिनिटं मावायची. १९०२ साली कलकत्त्याला गौहरजाननं तीन मिनिटांत राग बसवला, तशीच कसरत तिकडे जॅझवाल्यांनी केली. रात्रभर जो माणूस एकाच गाण्यावर वीस मिनिटं वाजवायचा, त्याच्या वाट्याला तबकडीवर वीस सेकंद आले तरी तो नशीबवान.

म्हणजे खरं संगीत घडायचं क्लबात मध्यरात्री, आणि कंपन्या मुद्रण करायच्या दुपारी स्टुडिओत. ही दरी भरून काढली ती कंपन्यांनी नव्हे, सरकारनं नव्हे, विद्यापीठांनी तर नव्हेच. ती भरली काही झपाटलेल्या श्रोत्यांनी. मी त्यांना ‘सुरांचे कारकून’ म्हणतो. माझ्या शब्दकोशात याहून मोठी पदवी नाही.

पहिला मान चार्ल्स डेलॉने या फ्रेंच माणसाचा. आईबाप दोघंही नामांकित चित्रकार. पोरानं काय करावं? १९३६ साली ‘हॉट डिस्कोग्राफी’ नावाची एक जाडजूड यादी छापली! कुठली तबकडी, कुठल्या तारखेला, कुठल्या शहरात मुद्रित झाली, तिचा क्रमांक काय आणि त्यात ट्रंपेट कुणाचा, ढोल कुणाचे. तबकडीवर बहुतेक वेळा फक्त बँडप्रमुखाचं नाव असायचं. बाकीचे सगळे ‘आणि इतर’. डेलॉनेनं त्या ‘इतरां’ना नावं दिली. आमच्याकडे नुसतं लेजर टाकलेल्या माणसाची कुणी दखल घेत नाही. पण या एका लेजरामुळे पॅरिसमधला श्रोता शिकागोतल्या श्रोत्याला पत्र लिहून सांगू शकला, की माझ्याकडे अमुक क्रमांकाची आहे, तुझ्याकडची तमुक पाठव. देवाणघेवाणीला आधी हिशोबाची वही लागते, हे तत्त्व आम्ही बँकवाले उगीच नाही सांगत.

दुसरा जेरी न्यूमन. कोलंबिया विद्यापीठाचा हा विद्यार्थी १९४१ साली तबकडी कोरायचं यंत्र उचलून हार्लेममधल्या ‘मिंटन्स’ क्लबात जायचा. (आपल्याकडे विद्यार्थी एवढ्या रात्री एवढं वजन उचलून गेला असता, तर बापानं आधी पोलिसांत वर्दी दिली असती.) तिथे चार्ली ख्रिश्चन नावाचा पोरगेलासा गिटारवाला पहाटेपर्यंत वाजवायचा. बेनी गुडमनच्या प्रसिद्ध ताफ्यातला हा माणूस. पण व्यापारी तबकड्यांवर त्याला मोकळं सोडलेलं क्वचितच ऐकू येतं. न्यूमनच्या तबकड्यांवर तो सुटलेला आहे. कडव्यामागून कडवं, थांबायचं नावच नाही. मागे ग्लासांचे आवाज, गप्पा, सगळं आहे. ते मुद्रण मे महिन्यातलं. पुढच्या मार्चमध्ये, १९४२ साली, ख्रिश्चन क्षयानं गेला. वय पंचवीस.

त्याच वर्षी दोन संकटं एकदम कोसळली. युद्धामुळे लाखेची टंचाई झाली आणि अमेरिकन सरकारनं तिच्या वापरावर कडक बंधनं घातली. दुसरं संकट जेम्स सीझर पेट्रिलो. वादकांच्या युनियनच्या या अध्यक्षानं १ ऑगस्ट १९४२ पासून मुद्रणावर बंदी पुकारली. नावातच सीझर असल्यावर दुसरं काय होणार! पण एक युनियनचा सभासद म्हणून सांगतो, त्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. तबकड्या वाजतात, पैसा कंपनीला मिळतो आणि वादकाची नोकरी मात्र जाते. संप दोन वर्षांवर चालला. शेवटच्या बड्या कंपन्यांनी १९४४ च्या नोव्हेंबरात सही केली. नेमक्या याच काळात बीबॉप नावाची नवी तऱ्हा आकार घेत होती. बारसं झालं आणि फोटोग्राफर संपावर!

आता तिसरा, माझा सगळ्यात लाडका. डीन बेनेडेटी. स्वतः सॅक्सोफोन वाजवायचा. १९४७ च्या मार्चमध्ये लॉस एंजेलिसच्या ‘हाय-डी-हो’ क्लबात त्यानं चार्ली पार्कर ऐकला आणि यंत्र घेऊन तो रोज रात्री तिथे जाऊन बसू लागला. तबकड्या महाग. म्हणून पार्कर वाजवू लागला की यंत्र चालू, पार्कर थांबला की बंद. बाकीचे सगळे वादक कापले! साखरपुड्याला जाऊन फक्त जिलब्या उचलाव्यात तसं. पुढच्या वर्षी न्यूयॉर्कला कागदी फितीवर त्याचा हाच उद्योग चालू होता. १९५५ साली पार्कर चौतिसाव्या वर्षी गेला आणि १९५७ साली इटलीत बेनेडेटीही वारला. फिती गेल्या कुठे, हे कुणालाच कळेना. मग दंतकथा सुरू झाल्या. अखेर त्या त्याच्या भावाकडे निघाल्या आणि १९९० साली ‘मोझेइक’ कंपनीनं त्यांचा सात सीडींचा संच काढला. त्या जुन्या फिती निगुतीनं साफ करण्यात ज्या फिल शापचा मोठा वाटा होता, त्यानं पुढे २०२१ साली मरेपर्यंत, एकूण चाळीस वर्षं, कोलंबिया विद्यापीठाच्या रेडिओवर सकाळी सकाळी पार्करवर कार्यक्रम केला. संगीत थोडं आणि शाप जास्त, अशी तक्रार श्रोते करत. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा रेडिओ लावत.

मात्र सगळेच काही दानशूर नव्हते. बिल सेव्हरी या तंत्रज्ञानं १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात रेडिओवरचं जॅझ जवळजवळ हजार तबकड्यांवर उतरवलं. मोठ्या तबकड्या, त्यामुळे तीन मिनिटांची कात्री नाही. त्यातलं थोडं प्रसिद्ध झालं. बाकीच्यावर हा पठ्ठ्या जन्मभर बसून राहिला. लॉरेन शोनबर्ग नावाचा संगीतकार वर्षानुवर्षं विनवण्या करत होता. २००४ साली सेव्हरी वारला. २०१० साली त्या पेट्या हार्लेमच्या जॅझ संग्रहालयात आल्या, तोवर काही तबकड्यांचे पापुद्रे सुटले होते. लॉकरला बुरशी चढली, की आतल्या दागिन्याला मालक उरत नाही.

आपल्याकडे काय झालं, हे लिहिताना मात्र हात जरा जड होतो. ताजमहाल हॉटेलच्या नाचघरात गोव्याकडचे वादक रात्र रात्र जॅझ वाजवायचे. त्यांतला चिक चॉकलेट, खरं नाव आंतोनियो शावियेर वाझ, हा आपला आर्मस्ट्राँग म्हणून ओळखला जायचा. १९५१ सालच्या ‘अलबेला’त भगवानदादांच्या मागे त्याचा ताफा दिसतो. आपण चितळकरांच्या चालीवर ताल धरला. मागचा ट्रंपेटवाला कोण, हे विचारलं नाही. त्या रात्रींतलं फारच थोडं तबकडीवर उतरलं. तिथे यंत्र घेऊन बसणारा बेनेडेटी आपल्याला मिळाला नाही.

खासगी मैफलींच्या ध्वनिफितींत मात्र आपण मागे नव्हतो. “तुला म्हणून देतोय, पुढे कुणाला देऊ नकोस,” असं बजावून दिलेली कॅसेट महिन्याभरात दादरहून सदाशिव पेठ गाठून, वाटेत प्रत्येक घरी एकेक प्रत ठेवून, मूळ मालकाकडे भेट म्हणून परत यायची! प्रत्येक प्रतीत गायकाचा आवाज थोडा मागे जायचा आणि पुढच्या रांगेतल्या काकांचा खोकला थोडा पुढे यायचा. या सगळ्यात गायकाच्या खात्यावर काय जमा झालं, असं मात्र विचारू नका. पार्करच्या बाबतीतही या प्रश्नाचं उत्तर लाजिरवाणंच आहे. पेट्रिलोचा मुद्दा अजून निकालात निघालेला नाही.

तरीसुद्धा चार्ली ख्रिश्चनची ती मे महिन्यातली रात्र मी लावतो, तेव्हा हिशोब जरा बाजूला राहतो. मागे ग्लास किणकिणतात, कुणीतरी मोठ्यानं हसतं, आणि चोवीस वर्षांचा एक आजारी पोरगा वाजवतच राहतो. त्या हसणाऱ्याला ठाऊक नव्हतं, की आपण काय ऐकतोय. कोपऱ्यात यंत्रावर वाकलेल्या एका विद्यार्थ्याला तेवढं ठाऊक होतं.