मण्यारीचं वेळापत्रक

पुढचा घटनाक्रम कोणा एका बाईचा नाही. मण्यार चावलेला माणूस कोणत्या क्रमाने खालावत जातो, हे डॉक्टरांनी पुन्हापुन्हा नोंदवलं आहे, महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी तर ग्रामीण भागातल्या अशा रुग्णांवर शोधनिबंध लिहिले आहेत. तो क्रम इथे भवानीनगरला, श्री छत्रपती सहकारी साखर कारखान्याच्या हंगामाच्या सुरुवातीच्या एका रात्रीवर बसवला आहे. माणसं कल्पित आहेत, विष नाही.

रात्री 9:00
ऊसतोड मजुरांची टोळी दोन दिवसांपूर्वी उतरली आहे. कोप्या, म्हणजे राहायच्या झोपड्या, उभ्या राहिल्या, चुली पेटल्या, दमलेली माणसं भुईवरच सतरंज्या टाकून झोपली. मण्यार रात्री फिरते, लहान साप, उंदीर, पाली हुडकत. भुईऐवजी खाटेवर झोपावं, तर कोपीत खाट कुठून येणार? पण मच्छरदाणीच्या कडा अंथरुणाखाली नीट खोचल्या तरी मण्यार सहसा आत शिरत नाही. उचलीच्या हिशेबात मच्छरदाणी मात्र कोणी धरत नाही.

रात्री 2:00. श्वास बंद पडायला पाच तास
झोपेत कूस बदलताना टोळीतल्या एका बाईचा हात मण्यारीवर पडतो आणि मण्यार चावते. घोणस चावली की आग होते, सूज चढते, माणूस ओरडत उठतो. मण्यारीचं तसं नाही. दुखणं नाममात्र, सूज नाही, दातांच्या खुणा बऱ्याचदा दिसतही नाहीत. बाई हात खाजवते आणि पुन्हा झोपते.

पहाटे 3:45. सव्वातीन तास
पोटात कळ येते, मग उलटी होते. "काल रातचं शिळं खाल्लंस, दुसरं काय," नवरा म्हणतो आणि पिशवीतली एक गोळी देतो. त्याचं चुकलं असं म्हणवत नाही, कारण साप कोणी पाहिलेलाच नाही. तरीही ऊसपट्ट्यातल्या प्रत्येक मुकादमाला एवढं ठाऊक हवं: भुईवर झोपलेला धडधाकट माणूस पहाटे पोटदुखीने उठला, तर अपचनाच्या आधी मण्यारीची शंका घ्यायची.

पहाटे 5:00. दोन तास
बैल जुंपायची वेळ. बाई उठते, पण पापण्या उचलत नाहीत. समोरच्या कंदिलाचे दोन दिसतात. मण्यारीचं विष नसांची टोकं निकामी करत जातं आणि लुळेपणा वरून खाली उतरतो: आधी पापण्या, मग घसा, मग मान, शेवटी छाती. टोळीतला एक म्हातारा तिचे डोळे पाहतो आणि म्हणतो, "पोरीला पान लागलंय." म्हणजे साप चावलाय.

आता करायचं ते एवढंच. तिला चालू द्यायचं नाही. बांगड्या, जोडवी काढायची. हात फळकुटाला सैलसर बांधून हलणार नाही असा ठेवायचा. करकचून दोरी आवळायची नाही, ब्लेड लावायचं नाही, चोखायचं नाही. आणि 108 ला फोन. त्या रुग्णवाहिकेत डॉक्टर असतो आणि श्वास द्यायची अंबू बॅगही असते.

पहाटे 5:20. एक तास चाळीस मिनिटं
फोन होत नाही. कोणी कडुलिंबाचा पाला चावायला देतं. गोड लागला तर विष चढलंय, असा समज. मग शेजारच्या वाडीवरचा मांत्रिक. त्याच्याकडे जाणाऱ्यांना हसण्यात अर्थ नाही. बहुतेक साप बिनविषारी असतात, आणि विषारी साप चावला तरी दरवेळी विष सोडतोच असं नाही. त्यामुळे मांत्रिकाचे पुष्कळ रोगी आपोआप बरे होतात आणि त्याचं नाव चालत राहतं. भारतात सर्पदंशाने वर्षाला सरासरी 58,000 माणसं मरतात, असा 2000 ते 2019 या काळाचा अंदाज आहे. त्यातली कितीतरी दवाखान्याचं दार न पाहता जातात.

सकाळी 6:10. पन्नास मिनिटं
आवाज नाकात येतो, थुंकी गिळवत नाही. कोणीतरी चहा पाजायला बघतं. घसा लुळा पडला की चहाचा घोटही श्वासनळीत जातो. तिला डाव्या कुशीवर निजवून तोंडातली लाळ पुसून काढायला हवी. पण तिला भिंतीला टेकवून बसवलं जातं.

सकाळी 6:35. पंचवीस मिनिटं
पिकअप मिळाली. बारामती साधारण अर्ध्या तासावर. दोघांच्या मध्ये तिला बसतं ठेवलं आहे आणि मान छातीवर लोंबते आहे. अशा मानेने आहे तो श्वासही कोंडतो. मागे आडवी, कुशीवर, हनुवटी वर उचललेली, असं न्यायला हवं होतं.

सकाळी 7:00. काटेवाडीजवळ
श्वास थांबतो. ओठ निळे पडतात. हृदय अजून चालू आहे, आणि ते थांबेपर्यंतची चार-पाच मिनिटं कोणाच्याही हातची असतात. गाडी बाजूला घ्यायची, तिला कठीण जागेवर उताणी निजवायची, डोकं मागे, हनुवटी वर. नाक चिमटीत धरून तोंडाला तोंड लावायचं आणि छाती उचलली जाईल इतका, सेकंदभराचा श्वास सोडायचा. नाडी लागते अशी खात्री असेल, तर दर पाच-सहा सेकंदांनी एक श्वास. खात्री नसेल, तर छातीच्या मधोमध दोन्ही तळव्यांनी 5 ते 6 सेंटिमीटर खोल दाबायचं, मिनिटाला 100 ते 120 च्या वेगाने. 30 दाब, 2 श्वास. दवाखान्यात श्वासाचं यंत्र जे करतं, तेच हे तोंडाने दिलेले श्वास करतात.

गाडीत तिच्या तोंडावर पाणी मारतात, गाल थोपटतात, मग रडू लागतात. मण्यारीच्या रुग्णाच्या डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारून स्थिर होतात, हातपाय हलत नाहीत. तो मेला असंच वाटतं. त्याला मात्र बराच वेळ सगळं ऐकू येत असतं. बचावलेल्यांनी तसं सांगितलेलं आहे.

सकाळी 7:12. सिल्व्हर ज्युबिली रुग्णालय, बारामती
हृदय थांबलेलं आहे. डॉक्टर छाती दाबायला घेतात, घशात नळी घालतात. उशीर झाला आहे.

हृदय चालू असताना ती इथे पोचली असती, तर प्रतिविषाच्या साधारण 10 कुप्या शिरेतून गेल्या असत्या आणि श्वास यंत्राने चालवला असता. जी नसांची टोकं आधीच निकामी झाली ती प्रतिविषाने परत येत नाहीत. शरीर ती नव्याने घडवतं, त्याला काही दिवस लागतात. तेवढे दिवस कोणीतरी श्वास पुरवत राहिलं की मण्यारीचा रुग्ण बहुधा उठून बसतो, आणि पूर्ण बरा होतो.

सकाळी 7:40
टोळीतले तिघे मारलेला साप पिशवीत घालून दवाखान्यात येतात. त्याची गरज नव्हती. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर प्रतिविष एकच असतं, आणि डॉक्टर ते लक्षणं पाहून सुरू करतात. साप शोधायला तिघांनी कोपी उसकटली होती. गाडी बघायला एकटा मुकादम गेला होता.