प्रस्तावना : ग्रामीण टेक्ससमधील वाहतूक-चलानांचे दप्तर

कायद्याच्या अभ्यासकाचे लक्ष साधारणपणे मोठ्या खटल्यांकडे जाते. अतिवेगाबद्दल झालेल्या दंडाचा कागद त्यांच्याशेजारी अगदीच किरकोळ वाटतो. पण अमेरिकेतल्या सामान्य माणसाला पोलीस समोरासमोर भेटतात ते बहुधा रस्त्याच्या कडेला, गाडी थांबवली गेल्यावर. कायदा पुस्तकात काय म्हणतो आणि प्रत्यक्षात कसा वागतो, यातले अंतर मोजायचे असेल, तर या भेटींचे दप्तर वाचायला हवे.

आपण एक प्रदेश डोळ्यांसमोर ठेवू. टेक्सस राज्यात 254 काउंट्या आहेत. त्यांपैकी पश्चिमेकडच्या हडस्पेथ काउंटीचे क्षेत्रफळ आपल्या सातारा जिल्ह्याहून जास्त, आणि लोकवस्ती सुमारे 3,200. सिएरा ब्लँका हे तिचे मुख्य गाव. काउंटीतून आंतरराज्यीय महामार्ग 10 जातो आणि त्यावरची वेगमर्यादा ताशी 80 मैलांपर्यंत आहे. अशा ठिकाणी चलान होणारे अनेक जण त्या काउंटीचे रहिवासी नसतात. एल पासोहून पूर्वेकडे किंवा डॅलसहून पश्चिमेकडे निघालेले प्रवासी असतात. दंड ते टपालाने किंवा ऑनलाइन भरतात आणि काउंटी विसरून जातात. त्यांच्या त्या काही मिनिटांची नोंद मात्र तिथेच राहते.

ही नोंद एकच नसते, हे या क्षेत्रातले पहिले आणि सर्वांत महत्त्वाचे सूत्र. एका चलानातून नोंदींची मालिका तयार होते आणि मालिकेतला प्रत्येक कागद वेगळा माणूस वेगळ्या कारणासाठी लिहितो. महामार्गावरचा ट्रूपर (राज्याचा पोलीस) किंवा काउंटीच्या शेरीफचा डेप्युटी चलान लिहितो. चालक त्यावर सही करतो ती हजर राहण्याच्या वचनाची, गुन्ह्याच्या कबुलीची नव्हे. शहराच्या हद्दीबाहेरचे असे प्रकरण जस्टिस ऑफ द पीस या निवडून आलेल्या न्यायाधीशाकडे जाते. हा न्यायाधीश वकील असलाच पाहिजे, अशी अट नाही. न्यायालयाचा कारकून प्रकरणाला क्रमांक देतो आणि रोजनाम्यात तारखा, चालकाचा जबाब व निकाल नोंदवतो. दोषसिद्धी झाली तर सात दिवसांच्या आत राज्याच्या सार्वजनिक सुरक्षा खात्याला (इथले परवाना खाते हेच) कळवावे लागते आणि ती चालकाच्या परवान्याच्या इतिहासात जाते. शिवाय प्रत्येक न्यायालय दरमहा प्रकरणांचे आकडे राज्याच्या न्यायालयीन प्रशासन कार्यालयाला पाठवते. म्हणजे एकाच घटनेचे ठसे पोलिसांकडे, न्यायालयात, परवाना खात्यात आणि राज्याच्या तक्त्यात उमटतात. चौघांचे आकडे जुळत नाहीत, आणि ते का जुळत नाहीत हे समजून घेणे हाच या अभ्यासाचा गाभा आहे.

उदाहरणार्थ, टेक्ससमध्ये पात्र चालकाला सुरक्षित वाहनचालनाचा अभ्यासक्रम पुरा करून प्रकरण रद्द करून घेता येते. ही सवलत वर्षातून एकदाच मिळते. मर्यादेपेक्षा ताशी 25 मैल किंवा त्याहून जास्त वेगाने जाणाऱ्याला आणि व्यावसायिक परवानाधारकाला ती नाही. त्यामुळे पोलिसांच्या यादीत शंभर चलाने असली, तरी परवाना खात्यात दोषसिद्धी त्याहून बऱ्याच कमी दिसतील. फरक पाहून कुणी न्यायालय ढिले आहे असा निष्कर्ष काढला, तर तो घाईचा ठरेल. उलट दिशेनेही चूक होते: चलान म्हणजे सिद्ध झालेला गुन्हा असे धरून चालणाऱ्याने रोजनामा उघडलेलाच नसतो.

कागद शोधायला निघताना पहिला प्रश्न माणसाच्या नावाचा नसतो, जागेचा असतो. घटना शहराच्या हद्दीत घडली की बाहेर? बाहेर असेल तर काउंटीच्या कोणत्या विभागात? गाडी कोणत्या यंत्रणेने थांबवली? याची उत्तरे मिळाली की न्यायालय ठरते, आणि न्यायालय ठरले की दप्तर सापडते. लहान काउंटीत संकेतस्थळापेक्षा दूरध्वनी, पत्र आणि कारकुनाशी सभ्य बोलणे जास्त कामाचे. इथे एक कायदेशीर बारकावा ध्यानात ठेवावा. टेक्ससचा सार्वजनिक माहितीचा कायदा शेरीफच्या कार्यालयाला लागू होतो, न्यायालयाला नाही. न्यायालयाचे कागद पाहण्याचा अधिकार वेगळ्या परंपरेतून आणि वेगळ्या नियमांतून येतो. माहिती अधिकाराचा एकच अर्ज सगळीकडे पाठवणाऱ्याला म्हणूनच अर्धी उत्तरे नकाराची येतात.

कागद हाती आल्यावर खरी कसोटी लागते. रकान्यात जे लिहिले आहे ते कुणी, कशाच्या आधारे लिहिले? टेक्ससमधलेच एक प्रकरण यासाठी प्रत्येकाने अभ्यासावे. 2015 साली ऑस्टिनच्या केएक्सएएन वाहिनीने दाखवून दिले, की राज्याचे ट्रूपर मोठ्या संख्येने हिस्पॅनिक चालकांची नोंद ‘गोरे’ म्हणून करत होते. वांशिक भेदभाव तपासण्यासाठी ठेवलेला रकानाच भरवशाचा नव्हता. त्यानंतर चालकाला त्याचा वंश विचारून नोंदवण्याची सूचना ट्रूपरांना मिळाली. म्हणजे त्या वर्षाच्या अलीकडची आणि पलीकडची आकडेवारी थेट शेजारी ठेवता येत नाही. असे सांधे ओळखणे ही अभ्यासकाची जबाबदारी आहे.

पद्धतींच्या बाबतीत या क्षेत्राने सुंदर काम केले आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या प्रकल्पाने देशभरातून गाड्या थांबवल्याच्या जवळजवळ 10 कोटी नोंदी गोळा केल्या आणि 2020 साली त्यांचे विश्लेषण प्रसिद्ध केले. त्यात वापरलेली एक कल्पना साधी आणि प्रभावी आहे. संध्याकाळच्या एकाच वेळी वर्षाच्या काही भागात उजेड असतो, काही भागात अंधार. अंधारात चालकाचा चेहरा दिसणे अवघड. अंधार पडल्यावर थांबवलेल्यांमध्ये कृष्णवर्णीय चालकांचे प्रमाण घटत असेल, तर उजेडात चेहरा पाहून निर्णय होत असल्याचा तो पुरावा ठरतो. अभ्यासात तसेच आढळले. मात्र विरळ वस्तीच्या काउंटीत नोंदी थोड्या असतात, म्हणून तिथे ही पद्धत अनेक वर्षांचे आकडे एकत्र करूनच वापरावी.

पैशाचा रकाना तितकाच बोलका असतो. दंडाखेरीज राज्याचे एकत्रित शुल्क 62 डॉलर, स्थानिक शुल्क 14 डॉलर, राज्याचा वाहतूक-दंड 50 डॉलर अशी भर पडत जाते. सुखवस्तू प्रवाशाला ही रक्कम खटकते. मजुराला ती पेलत नाही. ह्यूस्टनच्या प्रेस्टन टेट यांना 425 डॉलरचे वाहतूक-दंड भरता आले नाहीत, म्हणून दिवसाला 5 डॉलर या हिशेबाने 85 दिवसांची कैद सुनावली गेली. 1971 साली सर्वोच्च न्यायालयाने हे घटनाबाह्य ठरवले. 2017 पासून तर ऐपतीची चौकशी करणे टेक्ससच्या न्यायाधीशांवर बंधनकारक आहे. ती खरोखर होते का, हे रोजनाम्यावरूनच तपासता येते.

या कागदांवर माणसांची नावे, पत्ते, जन्मतारखा असतात. 1989 साली रिबेका शेफर या अभिनेत्रीचा पत्ता परवाना खात्याच्या नोंदींतून मिळवून तिची हत्या झाली आणि त्यातूनच 1994 चा चालकांच्या खाजगीपणाचा केंद्रीय कायदा आला. लहान काउंटीत नुसते नाव पुसून भागत नाही. तीन हजारांच्या वस्तीत वय, गाव आणि तारीख एवढ्यावरून माणूस ओळखू येतो. प्रसिद्ध करताना तारखेऐवजी महिना द्यावा, वयाऐवजी वयोगट.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी माणसाला हे ज्ञान व्यवहारातही लागते. नागरिकत्वाचा अर्ज भरताना पोलिसांशी आलेल्या जुन्या प्रसंगांबद्दल प्रश्न येतात आणि कधी एखाद्या दूरच्या न्यायालयातून निकालाची प्रमाणित नक्कल मागवावी लागते. ती कुठे मागायची हे ज्याला ठाऊक आहे, त्याचे दडपण अर्धे कमी होते.

नव्या अभ्यासकाने एक काउंटी, एक न्यायालय आणि एक वर्ष निवडावे. त्यातली थोडीच चलाने घ्यावीत आणि प्रत्येकाचा माग पहिल्या सहीपासून राज्याच्या तक्त्यापर्यंत काढावा. जिथे माग तुटेल तिथे थांबून कारण शोधावे. कायदा माणसांशी कसा वागला, याबद्दल ठामपणे बोलण्याचा अधिकार या कामातून मिळतो, आणि तो मिळवायला वकिलीची सनद लागत नाही.