ओलिसाचे नाट्य आणि प्रेक्षकांचा कौल

रहस्यपट पाहावयास जाणारा मनुष्य चित्रगृहात शिरताना आपली बुद्धी दिग्दर्शकाच्या हवाली करून बसतो. खुनी कोण हे त्याला ठाऊक नसते, आणि ते ठाऊक नसण्यातच त्याच्या पैशाचे चीज व्हावयाचे असते. राजकीय अपहरणावर रचलेल्या चित्रपटाचा प्रेक्षक निराळ्या वृत्तीचा असतो. पळविणारे कोण, पळविला गेलेला कोण, मागण्या काय होत्या, सरकारने कोणते उत्तर दिले आणि अखेर प्रेत कोठे सापडले, हे सारे त्याने वर्तमानपत्रांतून वाचलेले असते; इतकेच नव्हे, तर सरकारने नमते घ्यावयास हवे होते की नव्हते या मुद्द्यावर त्याने आपला निवाडाही केव्हाच देऊन ठेवलेला असतो. अशा प्रेक्षकापुढे कथानकास कितीही वळणे दिली तरी तो ती साक्षीपुराव्यातील फेरफार म्हणूनच तपासतो. आणि म्हणूनच या जातीच्या चित्रपटांवर लोकांनी वेळोवेळी दिलेल्या अभिप्रायांमध्ये चित्रपटकलेचा इतिहास थोडा आणि सरकार, बंडखोर व ओलीस या तिघांविषयीच्या लोकमताचा इतिहास फार, असा प्रकार आढळतो.

ओलीस ठेवण्याची चाल आपल्या मुलखास नवी नव्हे. तहनाम्यातील कलमे पुरी होईपर्यंत मुलगा किंवा भाऊ प्रतिपक्षाच्या गोटात ठेवावा, त्याची बडदास्त राखली जावी, आणि मुदत सरताच तो सन्मानाने परत यावा, हा राजकारणातील मान्य रिवाज होता. परंतु ओलिसाचा प्रसंग केवळ दोन दरबारांमधील व्यवहार न राहता दूरदेशीच्या प्रेक्षकांसाठी देखावा झाला, तो बहुधा प्रथम श्रीरंगपट्टणास. १७९२ च्या फेब्रुवारीत इंग्रज, निजाम आणि पेशवे यांच्या फौजांनी टिपूला त्याच्या राजधानीत कोंडले होते. मराठ्यांच्या बाजूने हरिपंत फडके तेथे हजर होते. निम्मे राज्य आणि तीन कोटी तीस लाख रुपये देण्याच्या कराराची हमी म्हणून टिपूने आपले दोन मुलगे, एक सुमारे दहा वर्षांचा व दुसरा सुमारे आठ वर्षांचा, २६ फेब्रुवारीस कॉर्नवॉलिसच्या छावणीत पाठविले. मुले हत्तींवर बसून आली, तोफांची सलामी झाली, वकील गुलाम अली याने त्यांचे हात कॉर्नवॉलिसच्या हाती दिले, आणि त्या लाटसाहेबाने दोघांना एकेक सोन्याचे घड्याळ बक्षीस दिले. रॉबर्ट होम हा चित्रकार छावणीतच होता. त्याने तो प्रसंग रंगविला. मॅदर ब्राउन याने तर हिंदुस्थानात पाऊलही न टाकता लंडनमध्ये बसून तो रंगविला, आणि या चित्रांवरून काढलेले छाप इंग्रज गृहस्थांच्या भिंतींवर जाऊन बसले. ते पाहणाऱ्यांचा कौल एकमुखी होता : कॉर्नवॉलिस हा उदार पिता आणि टिपू हा मुले गहाण टाकणारा क्रूर बाप. त्या मुलांच्या मनात काय चालले होते याची चौकशी करण्याची कोणास गरज भासली नाही. १७९४ साली मुले परत गेली; त्या परतीचा देखावा मात्र तितकासा लोकप्रिय झाला नाही.

विसाव्या शतकात ही चाल उलटी फिरली. राजाने राजाकडे ओलीस पाठविण्याऐवजी, ज्यांच्याजवळ ना किल्ला ना फौज अशा गुप्त मंडळ्यांनी सरकारचा माणूस पळवून त्याच्या बदल्यात तुरुंगातील आपली माणसे मागावयाची, हा प्रघात दक्षिण अमेरिकेत रूढ झाला. उरुग्वे या लहानशा देशात तुपामारो नावाच्या संघटनेने ३१ जुलै १९७० रोजी डॅन मिट्रिओन या अमेरिकन सल्लागारास पळविले. हे गृहस्थ इंडियाना प्रांतातील रिचमंड गावचे माजी पोलीसप्रमुख. उरुग्वेच्या पोलिसांना ‘मार्गदर्शन’ करण्यासाठी त्यांची तैनाती झाली होती. राष्ट्राध्यक्ष पाचेको यांनी कैदी सोडण्याचे साफ नाकारले, आणि १० ऑगस्ट रोजी मिट्रिओन यांचे प्रेत एका मोटारीत आढळले. रिचमंडमध्ये त्यांच्या कुटुंबाच्या साहाय्यार्थ फ्रँक सिनात्रा व जेरी लुईस यांनी कार्यक्रम केला. त्या गावच्या श्रोत्यांपुरता हा प्रसंग एका कर्तव्यदक्ष, नऊ मुलांच्या पित्याचा निर्घृण वध एवढाच होता, आणि त्यांचे दुःख खोटे होते असे म्हणण्याचा अधिकार कोणासही नाही.

कोस्ता-गाव्रास यांनी त्यावर १९७२ साली ‘स्टेट ऑफ सीज’ हा चित्रपट काढला, तो उरुग्वेत काढणे शक्य नसल्यामुळे राष्ट्राध्यक्ष आयेंदे यांच्या चिलीत. पटकथा फ्रांको सोलिनास यांची, मुख्य भूमिका इव्ह मोंताँ यांची. या चित्रपटाची रचना जाणकारांनी मुद्दाम पाहण्याजोगी आहे, कारण प्रेक्षकांच्या पूर्वग्रहाशी इतक्या शांतपणे झुंज देणारी दुसरी पटकथा मला तरी ठाऊक नाही. आरंभीच प्रेत सापडते. अंत्यविधीचा सरकारी थाट होतो. ‘तो वाचेल काय?’ या प्रश्नाचे उत्तर पहिल्या काही मिनिटांतच देऊन टाकले जाते. मग कथा मागे जाते, आणि तोंडावर बुरखे घेतलेले तरुण एका जखमी, सभ्य, किंचित थकलेल्या प्रौढास प्रश्न विचारू लागतात. तो म्हणतो, आपण दळणवळण आणि वाहतुकीचे तज्ज्ञ. ते एकेक कागद पुढे करतात. प्रत्येक कागदाबरोबर त्या सभ्य गृहस्थाच्या चेहऱ्याखालून पोलिसी छळाचे शास्त्र शिकविणारा दुसरा गृहस्थ वर येत जातो. पीळ आहे तो एवढाच, परंतु तो कथेस न पडता प्रेक्षकाच्या सहानुभूतीस पडतो.

आणि मग बसचा प्रसंग येतो. ओलिसास मारावे की सोडावे यावर संघटनेला मत घ्यावयाचे असते, पण सभा भरविणे शक्य नसते. म्हणून एक मनुष्य शहरातून जाणाऱ्या बसमध्ये बसून राहतो, आणि एकेक सभासद निरनिराळ्या थांब्यांवर चढून त्याच्याजवळच्या जागेवर बसतो, हलक्या आवाजात आपले मत सांगतो व उतरून जातो. चित्रगृहात बसलेल्या प्रेक्षकाच्या लक्षात येते की बसमधील ती रिकामी जागा आपल्यासाठीही आहे. इतका वेळ आपण ज्याचा गुन्हा उघडकीस येताना समाधानाने पाहत होतो, त्याला मारण्यास आपली संमती आहे काय? कोस्ता-गाव्रास उत्तर देत नाहीत. शेवटी विमानतळावर दुसरा सल्लागार उतरतो, आणि गर्दीतील काही डोळे त्याच्याकडे रोखलेले दिसतात.

या चित्रपटावरील सर्वांत महत्त्वाचा अभिप्राय तो न दाखविण्याच्या रूपाने मिळाला. १९७३ च्या वसंतात वॉशिंग्टनच्या केनेडी सेंटरमध्ये अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटच्या नव्या चित्रगृहाचे उद्घाटन होते आणि कार्यक्रमात हा चित्रपट होता; संस्थेचे संचालक जॉर्ज स्टीव्हन्स (धाकटे) यांनी, यात राजकीय हत्येचे समर्थन होते असे कारण देऊन, तो वगळला. त्याच्या निषेधार्थ काही चित्रपटकारांनी आपले चित्रपटही मागे घेतले. ज्या राष्ट्राध्यक्षाचे नाव त्या वास्तूस दिलेले होते तो स्वतः मारेकऱ्याच्या गोळीस बळी पडला होता, ही गोष्ट ध्यानी घेतली म्हणजे संचालकांचा संकोच समजतो. तो समजला म्हणून मान्य करावा असे नव्हे. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात चिलीमध्ये लष्कराने आयेंदे यांची सत्ता उलथली, आणि जेथे या चित्रपटाचे चित्रीकरण झाले होते तेथील रस्त्यांवर पडद्यावरल्यासारख्याच झडत्या खरोखर सुरू झाल्या. मिट्रिओन ज्यात नेमले गेले होते तो परदेशी पोलिसांच्या शिक्षणाचा कार्यक्रम अमेरिकेच्या काँग्रेसने १९७४ साली बंद करविला. चित्रपट तोच राहिला. त्याला अतिरंजित म्हणणाऱ्यांची जागा मात्र अरुंद होत गेली.

तारखा बदलल्या म्हणजे कौल कसा बदलतो याचे याहून चमत्कारिक उदाहरण इटलीत घडले. १९७६ साली एलिओ पेत्री यांनी लेओनार्दो शाशा यांच्या कादंबरीवरून ‘तोदो मोदो’ हा विखारी उपरोधाचा चित्रपट काढला. त्यात सत्ताधारी ख्रिस्ती लोकशाही पक्षाचे पुढारी एका मठात जमतात आणि एकेक करून मारले जातात. जान मारिया व्होलोन्ते या श्रेष्ठ नटाने त्यांतल्या मुख्य पुढाऱ्याची भूमिका त्या पक्षाचे खरे पुढारी आल्दो मोरो यांच्या लकबी उचलून केली होती, आणि तो कोण हे कोणास सांगावे लागले नाही. दोनच वर्षांनी, १६ मार्च १९७८ रोजी, रोमच्या फानी रस्त्यावर पाच रक्षकांना ठार करून ‘लाल तुकड्या’ या डाव्या गुप्त संघटनेने खरोखरच मोरो यांना पळविले. पंचावन्न दिवस ते कोंडून होते. त्यांनी पक्षाच्या सहकाऱ्यांना, कुटुंबाला, पोपला पत्रे लिहिली. सरकारने वाटाघाट करणार नाही अशी भूमिका घेतली, आणि ९ मे रोजी त्यांचे प्रेत, त्यांच्या पक्षाच्या व कम्युनिस्ट पक्षाच्या कचेऱ्यांपासून हाकेच्या अंतरावर, लाल रंगाच्या रेनो मोटारीत सापडले. ‘तोदो मोदो’ त्यानंतर अनेक वर्षे जवळजवळ अदृश्य झाला. जो उपरोध १९७६ साली धाडसी वाटला होता तो आता अपशकुन वाटू लागला. १९८६ साली ‘मोरो प्रकरण’ या नावाचा गंभीर चित्रपट निघाला, तेव्हा मोरो यांची भूमिका केली ती त्याच व्होलोन्ते यांनी, आणि बर्लिनच्या महोत्सवात त्यांना उत्कृष्ट अभिनयाचे पारितोषिक मिळाले. एकाच नटाने एकाच माणसाची प्रथम टवाळी करावी व मग त्याला न्याय द्यावा, असा योग नाट्येतिहासात विरळाच.

पुढे या प्रकरणावर वळणावळणांचे चित्रपटही निघाले. २००३ सालच्या एका चित्रपटात सिएनातील निवृत्त होऊ घातलेल्या न्यायाधीशाच्या हाती अपहरणाचे चित्रण केलेली लहानशी फीत पडते आणि मग गुप्तहेर, विश्वासघात व अदृश्य हस्तक यांची रांग लागते. अशा चित्रपटांना गिऱ्हाईक असते, कारण ज्या देशात एखादी मोठी हत्या नीट उलगडलेली नसते तेथे प्रत्येक वळण खरे मानण्याची लोकांची तयारी असते. त्याच वर्षी मार्को बेलोक्किओ यांनी ‘बुओन्जोर्नो, नोत्ते’ काढला. त्यात सारी कथा मोरो यांना डांबलेल्या घरातून, पळविणाऱ्यांतील एका तरुणीच्या नजरेने दिसते, आणि शेवटी मोरो पहाटेच्या रस्त्याने एकटेच मोकळे चालत जाताना दाखविले आहेत. त्याला लागूनच खऱ्या शोकविधीचे, ज्यात प्रेत नव्हते त्या विधीचे, जुने चित्रण येते. खोटा शेवट आणि खरा शेवट इतक्या जवळ ठेवण्याचे धैर्य थोड्यांना असते. वळणांच्या भाऊगर्दीपेक्षा हे एकच वळण मोलाचे, असे माझे मत आहे.

आपल्या देशात हा कौल सर्वांत मोठ्याने उमटला तो मणिरत्नम यांच्या ‘रोजा’वर. १९८९ च्या डिसेंबरात काश्मीरमध्ये केंद्रीय गृहमंत्र्यांच्या कन्येच्या बदल्यात पाच अतिरेकी सोडण्यात आले होते. १९९१ साली इंडियन ऑइलचे एक वरिष्ठ अधिकारी तेथेच पळविले गेले. या ताज्या आठवणींवर १९९२ च्या स्वातंत्र्यदिनी हा तमिळ चित्रपट प्रदर्शित झाला आणि पुढे हिंदीत भाषांतरित होऊन देशभर गेला. हात बांधलेला नायक पेटत्या राष्ट्रध्वजावर स्वतःला झोकून देतो तेव्हा चित्रगृहे टाळ्यांनी दणाणत. राष्ट्रीय एकात्मतेचे पारितोषिक त्याला मिळाले. उलट, मुंबईहून निघणाऱ्या ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त १९९४ साली तेजस्विनी निरंजना यांनी हे कोणाचे राष्ट्र, असा रोखठोक प्रश्न केला. टाळ्या आणि तो प्रश्न, दोन्ही त्या चित्रपटाच्या इतिहासात सारखेच रुजू झाले पाहिजेत. मला खटकते ते निराळेच : नायकाच्या सुटकेसाठी मंत्र्याचे पाय धरणारी पत्नी आणि कैदी सोडू नका म्हणणारे लष्करी अधिकारी या दोघांचाही पक्ष खरा आहे हे स्पष्ट दिसते, परंतु नायक आपणच निसटून येतो आणि लेखक त्या पेचातून सोयीस्करपणे सुटतो.

मराठी पडदा या वाटेला फारसा गेला नाही. आमच्या राजकीय चित्रपटांत राजीनामे आणि मसलती असतात. ‘पळवापळवी’ म्हणाल तर ती आमदारांची, आणि ती चित्रपटात दाखविण्याची गरज नाही, वर्तमानपत्रांत पुरेशी दिसते.

परंतु विषय मात्र शेजारीच पडलेला आहे. ३० जुलै २००० रोजी चंदनतस्कर वीरप्पनने कन्नड चित्रपटसृष्टीचे दैवत राजकुमार यांना पळविले. ज्यांनी चित्रगृहांत त्यांच्यासाठी शिट्ट्या वाजविल्या ते प्रेक्षक आता बंगळूरच्या रस्त्यांवर उतरले, दंगली झाल्या, दोन राज्यांची सरकारे हवालदिल झाली, आणि मागण्यांत कावेरीच्या पाण्यापासून कैद्यांच्या मुक्ततेपर्यंत राजकीय कलमे होती. कर्नाटक सरकार कैद्यांवरील खटले काढून घ्यावयास तयार झाले, तेव्हा वीरप्पनच्या हातून मारल्या गेलेल्या एका पोलीस अधिकाऱ्याच्या वृद्ध पित्याने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. कोट्यवधी चाहते एका बाजूस, आणि ज्याचा मुलगा परत येणार नव्हता असा एकटा फिर्यादी दुसऱ्या बाजूस. नोव्हेंबरात न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. काही दिवसांतच, १०८ दिवसांच्या बंदिवासानंतर, राजकुमार सुखरूप सुटले. ज्या मराठी पटकथाकारास राजकीय अपहरणाची कथा लिहावयाची असेल त्याने दऱ्याखोऱ्यांतील पाठलाग बाजूस ठेवून ती त्या पित्याच्या वकीलपत्रापासून सुरू करावी, अशी माझी विनंती आहे.