प्लेगने शिकवलेली झाडलोट

श्रोतेहो, घरातली साफसफाई हा काही इतिहासाचा विषय नव्हे, असं आपल्यापैकी काहींना वाटेल. राजे, लढाया आणि तह यांच्या पंगतीला केरसुणीला कोण बसवणार? परंतु मुंबई-पुण्याच्या इतिहासात अशी काही वर्षं होऊन गेली की, घर स्वच्छ कसं करावं हा प्रश्न सरकारचा, लष्कराचा आणि शास्त्रज्ञांचा होऊन बसला.

सप्टेंबर १८९६ ची गोष्ट. मुंबईत मांडवी भागात, धान्याच्या वखारींच्या आसपास, लोक तापाने फणफणून मरू लागले. जांघेत किंवा काखेत गाठ येई आणि चार-पाच दिवसांत खेळ आटोपे. मूळचे गोव्याचे डॉक्टर अकासियो व्हिएगस यांनी हा प्लेग आहे असं निदान केलं. प्लेगचा जंतू दोनच वर्षांपूर्वी हाँगकाँगमध्ये सापडला होता. पण तो माणसापर्यंत कोणत्या वाटेने पोचतो, हे कोणी सिद्ध केलेलं नव्हतं. रोग घाणीत, ओलाव्यात आणि कोंदट हवेत राहतो, ही त्या वेळची सर्वसाधारण समजूत.

मग समजूत तसा उपाय. समुद्राचं पाणी आणि कार्बोलिक ॲसिड यांनी गटारं धुतली गेली. भिंतींवर चुन्याचे हात फिरले. ऊन आत यावं म्हणून छपरांची कौलं काढली. जी घरं राहण्यास अयोग्य ठरली, त्यांच्या भिंतींवर तशी इंग्रजी अक्षरं रंगवली. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथीच्या रोगांचा कायदा झाला. पुण्यात रँडसाहेबाच्या हाताखाली गोरे सोजीर घरोघर शिरले. माजघर म्हणू नका, देवघर म्हणू नका. रोग्याचं सामान बाहेर काढून जाळलं जाई. त्या जुलमाचा शेवट २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीत चापेकर बंधूंच्या गोळ्यांनी कसा झाला, ते आपणांस ठाऊकच आहे. आणि त्याच वर्षी १० मार्चला, प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले यांनी देह ठेवला, हेही विसरून चालणार नाही.

इतकं धुणं, इतकं जाळणं झालं. पण प्लेग काही हटला नाही. दर हिवाळ्यात तो पुन्हा येत राहिला. असं का व्हावं?

खेड्यापाड्यांतल्या माणसांनी एक गोष्ट केव्हाच हेरली होती. घरात उंदीर पडू लागले की ती मंडळी चूल-बोळकी उचलून माळावर झोपड्या घालून राहत. कारण सांगता येत नव्हतं, पण खूण पक्की होती. १८९८ साली कराचीत सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी कारण दाखवून दिलं. उंदीर मेला, त्याचं अंग थंड पडलं, की त्याच्या अंगावरच्या पिसवा नवं रक्त शोधत निघतात. आणि तीच पिसू माणसाला चावते. सुरुवातीला पुष्कळांना हे पटलं नाही.

पुढे १९०५ पासून मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत प्लेग संशोधन आयोगाने कामाला हात घातला. हीच प्रयोगशाळा आज हाफकिन यांच्या नावाने ओळखली जाते. तिथे एक मोठा मासलेवाईक प्रयोग झाला. मुद्दाम बांधलेल्या झोपडीत गिनिपिगचे पिंजरे टांगले. जमिनीलगतच्या पिंजऱ्यातले प्राणी प्लेगने मेले. दोन फूट उंचीवरचे जगले. हवा तीच, झोपडी तीच. फरक एवढाच, की पिसूची उडी तेवढी उंच जात नाही! दुसरा प्रयोग जमिनीचा. प्लेगचे जंतू ओतलेली शेणाने सारवलेली जमीन दोन दिवसांनंतर रोग देईनाशी झाली. चुन्याची जमीन तर एकाच दिवसात. म्हणजे ज्या जमिनीवर बादल्याच्या बादल्या औषध ओतलं, ती खरी गुन्हेगार नव्हतीच. औषधाच्या वासाने उंदीर शेजारच्या घरात पळाला, तर पिसूही त्याच्याबरोबर शेजारी गेली.

आज प्लेगवर गुणकारी औषधं आहेत. वेळेवर दिली तर रोगी बरा होतो. पण या इतिहासातून घरासाठी घ्यायचं ते अजून शिळं झालेलं नाही. फिनेलचा घमघमाट सुटला म्हणजे घर स्वच्छ झालं, असं नव्हे. उंदराला आपल्या घरात काय मिळतं, ते आधी पाहावं. धान्य घट्ट झाकणाच्या डब्यात, जमिनीपासून उंचावर ठेवावं. खरकटी भांडी मोरीत रात्रभर ठेवू नयेत. केर सांजेलाच बाहेर जावा. बिळं काचेचे तुकडे आणि सिमेंट घालून बुजवावीत, मोरीच्या तोंडाला जाळी बसवावी. फडताळामागची अडगळ महिन्यातून एकदा हलवावी. अंथरूण-पांघरूण झटकून उन्हात घालावं. मेलेला उंदीर उघड्या हाताने उचलू नये; आणि एकदम बरेच उंदीर मरून पडलेले दिसले, तर आरोग्य खात्याला कळवावं. प्लेगची शंका असेल तिथे आधी पिसवांचा बंदोबस्त, मग उंदरांचा. नाहीतर मेलेल्या उंदरावरच्या पिसवा आपल्याच अंगावर यायच्या.

आणि आणखी एक. सोजिराने संगिनीच्या धाकाने घर धुतलं, तेव्हा लोकांनी रोगी माळ्यावर लपवले. दाराशी येणाऱ्याची भीती वाटली, की माणूस रोगही लपवतो आणि घाणही. म्हणून आरोग्य खात्याचा माणूस दाराशी आला, तर त्याने आधी दोन शब्द समजावून सांगावेत, आणि आपणही त्याला पाण्याचा पेला पुढे करून घर मोकळेपणाने दाखवावं. शंभर वर्षांहून अधिक काळापूर्वी हे साधलं असतं, तर किती घरांतले दिवे विझायचे वाचले असते!